एस्कोबारच्या कबरीवरची जत्रा

कोलंबियातलं मेदेयीन शहर मला मनापासून आवडलं. सुखद हवा, अगत्याची माणसं, लखलखीत मेट्रो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते जवळच्या इतागुईमधल्या मोंतेसाक्रो दफनभूमीबद्दल, कारण तिथे आलेला संताप अजून उतरलेला नाही.

कोकेनचा कुख्यात तस्कर पाब्लो एस्कोबार याच्या कबरीपाशी सेल्फीसाठी रांग होती. आमच्याच गाडीतला एक मराठी मुलगा त्याचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून आला होता. "गरिबांचा कैवारी होता हो काका," म्हणाला. कचऱ्याच्या ढिगावर राहणाऱ्यांना त्याने घरं बांधून दिली, हे खरं. 1982 मध्ये तो संसदेवर पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला. पण त्याच्या पैशामागचं कोकेन न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांनी चव्हाट्यावर आणलं आणि एप्रिल 1984 मध्ये त्यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. 1986 मध्ये 'एल एस्पेक्तादोर' वृत्तपत्राचे संपादक गिएर्मो कानो. 1989 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवियांका कंपनीचं विमान बॉम्बने हवेतच उडवलं, आतली सगळी 107 माणसं गेली. ज्यांना मारायचं होतं ते गालान यांच्या जागी उभे राहिलेले उमेदवार सेसार गाविरिया विमानात नव्हतेच!

अमेरिकेच्या तुरुंगाची त्याला एवढी धास्ती, की 1991 मध्ये नव्या घटनेनं प्रत्यार्पण बंद केलं तेव्हाच तो शरण आला, तेही स्वतःच्या सोयीनं बांधलेल्या तुरुंगात. पुढच्या वर्षी तिथूनही पळाला. मग पोलीस, काली शहरातली प्रतिस्पर्धी टोळी आणि उलटलेले जुने साथीदार, सगळेच मागे लागले. 2 डिसेंबर 1993 ला मुलाशी फोनवर बोलताना ठावठिकाणा लागला आणि कौलांवरून पळताना तो मारला गेला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. त्यांच्या सूत्रधाराचा टी-शर्ट घालून दादरला फिरशील का, असं मी त्या मुलाला विचारलं. "ते वेगळं हो," म्हणाला. काय वेगळं, ते त्याला सांगता येईना.

मेदेयीनच्या एल पोब्लादो भागात एस्कोबारची मोनाको इमारत होती. फेब्रुवारी 2019 मध्ये ती पाडून तिथे स्मारक केलंय. भिंतीला 46,612 छिद्रं आहेत, 1983 ते 1994 मधल्या हिंसाचारात गेलेल्या प्रत्येकासाठी एक. आमच्या सहलीत हे ठिकाण नव्हतंच, मी टॅक्सी करून गेलो. कबर दाखवायचीच असेल तर सहलवाल्यांनी आधी लोकांना इथे आणावं.