आमची वाटचाल: बिघडलेला रंग दुरुस्त करताना

आमच्या वर्कशॉपची सुरुवात साध्या डेंटिंग-पेंटिंगनेच झाली. पुढे दुसरीकडे रंगवून बिघडलेल्या गाड्या जास्त येऊ लागल्या आणि आता तेच आमचं मुख्य काम आहे. या कामात रंग फवारणारी स्प्रे गन हातात घेण्याआधीची तपासणीच सगळ्यात मोलाची, असं आमचं ठाम मत झालंय.

गाडी धुतली की आधी थिकनेस गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र फिरवतो. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. 250-300 दिसले तर वर दुसरा रंग चढलाय, आणि आकडा 1000च्या पुढे गेला तर खाली पुटी (खड्डे भरायचा लेप) आहे असं धरून चालायचं. घासून भागेल की रंग उतरवावा लागेल, हे इथेच बरंचसं ठरतं.

ओघळ आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत बहुतेक वेळा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच असतो, त्यामुळे गाडी वाचते. पण क्लिअर आतपर्यंत सुकू द्यावा लागतो. आतून मऊ राहिलेला ओघळ पेपरखाली फाटतो आणि खड्डा पडतो. ओघळाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून कडक ब्लॉकवर 1000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) घ्यायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाचे पट्टे उमटतात. ओघळ सपाट झाला की टेप काढून 1500, 2000, 3000 नंबरचे पेपर आणि मग चमक आणणारं कंपाउंड. घासताना पाण्याकडे लक्ष हवं: दुधाळ पाणी म्हणजे क्लिअर निघतोय, त्यात गाडीचा रंग उतरू लागला म्हणजे बेस कोट, क्लिअरखालचा रंगाचा थर, लागला. तिथून पॉलिशने मागे येता येत नाही, पॅनेल पुन्हा रंगवावंच लागतं. क्लिअर असतो जेमतेम 40-60 मायक्रॉन, आणि कडांवर, बॉडी लाइनवर त्याहून पातळ. तिथे टेप लावूनच बफिंग करतो.

पोपडे सुटत असतील तर पॉलिशचा विचारच सोडा. खालचा थर नीट घासलेला नसतो, नाहीतर बेस कोट वेळेबाहेर सुकल्यावर क्लिअर मारलेला असतो. पकड तपासायला टेप रंगावर घट्ट दाबून झटक्यात ओढायची. रंग सोबत आला तर त्या पॅनेलवरचं सगळं उतरवायचं. कडा 180 आणि 320 नंबरच्या पेपरने उतरत्या करून प्रायमर सरफेसरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन-तीन हात, वर गाइड कोट (उंचसखलपणा दाखवणारा पातळ वेगळ्या रंगाचा थर), आणि तो पूर्ण जाईपर्यंत ब्लॉकवर घासणं. मेटॅलिक शेडला शेवटचा पेपर 800चा, नाहीतर चरे वर दिसतात.

बारीक गोल खळगे पडले असतील तर बहुधा सिलिकॉन किंवा कंप्रेसरचं तेल. आधी घासलं तर ते आणखी पसरतं. म्हणून आधी ग्रीस रिमूव्हर: एका कापडाने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं.

पुटीत 100 ग्रॅमला 2-3 ग्रॅमच हार्डनर (ती कडक करणारं रसायन). जास्त झाला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. आणि पुटी कोरडीच घासायची. ती पाणी शोषते आणि मग फुगे येतात.

क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. धुळीचा साधा मास्क त्यासमोर निरुपयोगी आहे, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मास्क घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी गन उचलत नाही.