गतिरोधक झाला, पण नाहरकतीने घाम काढला

मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला लोक आमच्या सोसायट्यांमधला रस्ता धरतात आणि नेमक्या शाळा सुटायच्या वेळी गाड्या सुसाट सुटतात. गतिरोधकासाठी क्षेत्रीय कार्यालयात सह्यांसकट अर्ज दिला, कनिष्ठ अभियंता जागा पाहून गेले. इथवर काही त्रास नाही.

अडलं ते वाहतूक शाखेच्या नाहरकत प्रमाणपत्रावर. पथ विभाग म्हणे, "पोलिसांची नाहरकत आली की लगेच काम करतो." वाहतूक शाखेत गेले की, "नागरिकांना आम्ही देत नाही, महापालिकेचं पत्र येऊ द्या." पत्र पाठवलंय, असं हे सांगणार, आलंच नाही, असं ते. माणसं दोन्हीकडे नीट बोलायची, तरी कागद काही हलेना. तो कुठे आहे हे शोधणं कुणाचंच काम नव्हतं आणि इकडे रोज संध्याकाळी मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत होती. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात "गतिरोधक का केला नाही?" असं विचारू नका. नोंदी द्याव्या लागतात, कारणमीमांसा नाही. मी पत्राची प्रत, जावक क्रमांक आणि पोच एवढंच मागितलं. ३० दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं: पत्र भलत्याच वाहतूक विभागाकडे गेलं होतं, आमची हद्द दुसऱ्याकडे! ती प्रत घेऊन योग्य विभागात गेले आणि नाहरकत निघाली. त्या दिवशी घरी येताना फार हलकं वाटलं.

हो, पहिल्या अर्जाच्या आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्याच. माझ्याकडे तो होता, म्हणूनच पुढचा माग लागला.

काम सुरू होईल तेव्हा टेप घेऊन हजर राहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच हवा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जाते. आमच्याकडे अरुंद, उभा उंचवटा घालायला निघाले होते. मी अभियंत्यांना फोन लावला आणि ते येईपर्यंत जागची हलले नाही. असल्या उंचवट्यावर दुचाकी घसरते, रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. म्हणूनच रहिवाशांनी स्वतः सिमेंट ओतून काही करू नये. "पट्टे नंतर मारू" हेही ऐकून घेऊ नका. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी फलक नसेल, तर अंधारात गतिरोधकच अपघात घडवतो.

अजून एक. सुसाट गाड्यांतल्या काही आपल्याच इमारतींमधल्या असतात आणि चालवणारी मुलं अठराच्या आतली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अशा वेळी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही ते सूचना फलकावर लावलं. दोन घरांतल्या चाव्या लगेच कपाटात गेल्या.