एका कनेक्टरचं पेटंट: माझा अनुभव

हिंगणा रोडला माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपांच्या स्टार्टरपेट्या बनवतो, दुरुस्तही करतो. उन्हाळा लागला की काटोल-कळमेश्वरकडून फोन सुरू होतात, "भाऊ, मोटर जळली जी." पेटी उघडली की बहुतेक वेळा दिसतं ते एकच: टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या जागेचा, एक स्क्रू सैल, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून काळं, एक फेज गायब. उरलेल्या दोन फेजवर मोटर घुमत राहते, जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जातं. २०१७ च्या मे महिन्यात अशाच एका बागेत गेलो होतो. आंबिया बहाराची संत्री झाडावर, पाणी बंद, फळगळ सुरू. शेतकरी काका म्हणाले, "जॉइंट तर दिवाळीलेच नवा मारला होता. मंग सैल कसा झाला जी?"

स्क्रू कुणी फिरवला नव्हता, तरी जॉइंट सैल झाला होता. कारण वायर ॲल्युमिनियमची होती. दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू पसरतं. शिवाय तापल्यावर ते तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतं. नागपूरच्या उन्हात टिनाच्या पेटीत रोज तापणं आणि रात्री निवणं चालूच असतं. दाब कमी झाला की हवा शिरते, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, आणि तो वीज वाहू देत नाही. जॉइंटचा रोध २० मिलीओहम झाला आणि करंट १५ अँपिअर असला, तर त्या टिकलीएवढ्या जागेत साडेचार वॅट उष्णता तयार होते, तीही मोटर चालू असेपर्यंत सतत. रोध १ मिलीओहम असता तर पाव वॅटही झाली नसती.

त्या प्रश्नातून माझा कनेक्टर, म्हणजे वायर पकडून जोडणारा भाग, सुरू झाला. स्क्रूच्या डोक्याखाली बशीसारखा फुगीर स्प्रिंग वॉशर टाकला. वायर दबून बारीक झाली तरी तो मागून रेटत राहतो. स्क्रूच्या मानेला लाल रंगाची रिंग दिली: वॉशर पूर्ण चपटा असेल तर रिंग झाकलेली, वॉशर उघडू लागला की लाल दिसायला लागतं. बाजूला पारदर्शक खिडकी ठेवली, म्हणजे पेटीचं सील न तोडता बघता यावं. टर्मिनल आणि केबलची ग्लँड (केबल आत शिरते तिथे नट आवळून पाणी अडवणारा भाग) एकाच बॉडीत घेतली. आमच्याकडच्या कारागीर पोराची सवय अशी, की आधी ग्लँड आवळायची आणि टर्मिनल "मग पाहू" म्हणून सोडायचं. त्याला आळा म्हणून ग्लँडच्या स्लीव्हची (आतल्या नळीची) वाट स्क्रूच्या डोक्यापुढून नेली. स्क्रू पूर्ण खाली बसला नसेल तर स्लीव्ह डोक्याला अडते, नट पुढे जात नाही. ही गोष्ट मी अगदी किरकोळ समजत होतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच आलं.

पहिली प्रतिकृती कृषी प्रदर्शनात लावायची मी ठरवलंच होतं. नशीब, त्याआधी सिव्हिल लाइन्समधल्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत एका दिवसाच्या कार्यक्रमाला गेलो. अर्ज करण्याआधी वस्तू जाहीर दाखवली तर तिचं नवेपण जातं, हे तिथे कळलं. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला कायद्यात सवलत आहे. आमचं प्रदर्शन त्यात नव्हतं. आपल्या शहरात ही संस्था आहे आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी जणांना ती ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नागपूरचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो, पण भरता येतो घरबसल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये मी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी १,६०० रुपये. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि त्या वर्षात मी जे करायला हवं होतं ते उशिरा केलं: जुनी पेटंट वाचली. कनेक्टरची पेटंट एच०१आर या वर्गात असतात, केबल बसवण्याची एच०२जी मध्ये. रात्री जेवण झालं की मोबाइलवर चित्रं बघत बसायचो. बशीसारख्या वॉशरचं पेटंट १८६७ सालचं, फ्रान्समधल्या बेलव्हिलचं. स्क्रूऐवजी स्प्रिंगने वायर धरणारी टर्मिनल जर्मनीत १९५० च्या दशकातच आली होती. दाब दाखवणारे वॉशरही होते, खिडकीही होती. आधी खचलो. नंतर त्या चित्रांतूनच शिकलो, की कोणत्या भागाला काय म्हणायचं आणि दावा, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणारं कलम, कसा लिहायचा. ड्रॉइंग काढण्याआधी हे वाचलं असतं तर सहा महिने वाचले असते.

तरीही मोहापायी १४ दावे लिहिले. दहाच्या वर प्रत्येक दाव्याला ३२० रुपये जास्त, म्हणजे १,२८० रुपये मी हौसेचे भरले. तपासणीच्या विनंतीचे ४,००० वेगळे. ती विनंती केल्याशिवाय अर्जाला कुणी हात लावत नाही. आता ती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. तेव्हा मुदत ४८ महिन्यांची होती.

पहिला तपासणी अहवाल २०२१ मध्ये आला. जवळजवळ सगळ्या दाव्यांवर आक्षेप, आणि मुख्य आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) चा: माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारीशेजारी मांडल्या, प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करते, तर तो शोध नव्हे. वॉशर दाबतो, रिंग दाखवते, ग्लँड पाणी अडवते. खरं सांगायचं तर परीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं. दोन दिवस मी तो कागद उघडलाही नाही.

उत्तराला सहा महिने असतात. मी आणि माझ्या पेटंट एजंट ताई टेबलावर कनेक्टर खोलून बसलो. त्या विचारत होत्या, "यातला कोणता भाग दुसऱ्यावाचून अडतो?" मी ग्लँडचा नट फिरवून दाखवला, स्लीव्ह स्क्रूच्या डोक्याला टेकून थांबली. ताई म्हणाल्या, "दादा, हे तुम्ही बाराव्या दाव्यात लपवून ठेवलंय." तो दावा वर आणला. वायर नीट दबल्याशिवाय सील होत नाही, म्हणजे वायर दाबणं आणि पाणी अडवणं एकमेकांत गुंतलेलं आहे, हा आमचा मुद्दा. नुसत्या वॉशरचे, नुसत्या खिडकीचे दावे काढून टाकले. चौदाचे पाच राहिले.

२०२२ मध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली. मी कनेक्टर कॅमेऱ्यासमोर धरून अर्धवट आवळलेला नट अडतो ते दाखवलं, साडेचार वॅटचा हिशेब सांगितला. पुढच्या १५ दिवसांत लेखी म्हणणं दिलं. काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे २०३८ पर्यंत. दरवर्षी नूतनीकरणाची फी मात्र आठवणीने भरायची.

मागच्या एप्रिलमध्ये त्याच बागेतून फोन आला. मला वाटलं, परत मोटर गेली. काका म्हणाले, "मोटर चालू आहे जी. पण खिडकीत लाल दिसून राहिलं." मेन स्विच पाडायला सांगितलं आणि गाडी काढली. मधल्या फेजचा स्क्रू पाऊण फेरा आवळावा लागला. प्लॅस्टिक पांढरंच होतं.