चक्कर येते म्हणून मानेचा एक्स-रे? आधी पलंगावर झोपवून बघा

चक्करेचा पेशंट येतो तेव्हा हातात बहुतेक वेळा मानेचा एक्स-रे असतो आणि खिशात कित्येक महिने चालू असलेली, चक्कर दाबणारी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनची गोळी. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज जवळपास प्रत्येकाच्या एक्स-रेत दिसते. पण कुशीवर वळताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरत असेल, तर आधी संशय कानाचा घ्यावा.

उठून उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर बीपी आडवं आणि मग उभं करून मोजा. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण बहुधा तिथेच आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पाणी कमी पडल्यावर, हे नेहमीचं.

खरी किमया डिक्स-हॉलपाइक चाचणीची. 1952 पासून ती चालू आहे आणि तिला एका पलंगापलीकडे काही लागत नाही. पेशंटला पाय लांब करून बसवा, मान 45 अंश एका बाजूला वळवा आणि झटकन मागे झोपवा. डोकं पलंगाच्या कडेखाली साधारण 20 अंश लोंबलं पाहिजे. आता डोळे बघा, किमान 30 सेकंद. अंतर्कर्णातले कण मागच्या अर्धवर्तुळाकार नळीत सरकले असतील, तर काही सेकंद शांत जातात आणि मग बुबुळं वर आणि खालच्या कानाकडे फिरत उडू लागतात. मिनिटाच्या आत ते थांबतं.

चुका इथेच होतात. पेशंट घाबरून डोळे मिटतो, तपासणारा पाच सेकंदांत ‘काही नाही’ म्हणून उठवतो, किंवा इतकं सावकाश झोपवतो की कण हलतच नाहीत. मान ताठ असेल तर खांद्याखाली उशी द्या. बुबुळांची थरथर लगेच सुरू झाली, सरळ खालच्या दिशेने असली आणि थांबलीच नाही, तर मेंदूची तपासणी हवी; तिथे थांबू नका.

तोल तपासायला फोमची गादी. अनवाणी, हात छातीवर घडी, प्रत्येक वेळी 30 सेकंद: जमिनीवर डोळे उघडे, मग मिटून, फोमवर उघडे, मग मिटून. फक्त शेवटच्या पायरीला तोल गेला तर संशय कानावर. मात्र मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर पेशंट जमिनीवर डोळे मिटूनही डगमगतो, म्हणून पायाची संवेदना आधी बघावी. घरातली पातळ उशी चालत नाही. वजनाने ती दबून जमिनीला टेकते. फोम दाट आणि साधारण 6 सेंटिमीटर जाड हवा. मागे एक माणूस हात न लावता तयार उभा हवाच.

कॅलरिक चाचणी, म्हणजे कानात थंड आणि गरम पाणी सोडून डोळ्यांची हालचाल बघणं, शेवटी, कारण मळमळ होते. डोकं 30 अंश उचलून प्रत्येक कानात 30 आणि 44 अंश सेल्सियसचं पाणी, दोन वेळांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 30 च्या बरंच वर असतं. शरीराचं तापमान 37. ‘थंड’ पाणी 35 चं गेलं तर कानाला 7 ऐवजी 2 अंशांचाच फरक मिळतो आणि चांगला कानही दुबळा दिसतो. म्हणून तापमान नळीच्या तोंडाशी मोजा आणि नळीत थांबलेलं पाणी आधी ट्रेमध्ये सोडा. कानातला मळ काढलेला हवा. कानाच्या पडद्याला भोक असेल तर पाणी अजिबात नको.

पेशंटचं मन रिकामं राहिलं की डोळ्यांची हालचाल दबते. त्याला उलटे आकडे मोजायला लावा, आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत.

व्हीएचआयटी म्हणजे डोकं झटकन वळवून डोळे किती साथ देतात ते कॅमेऱ्याच्या चष्म्याने मोजणं. हा चष्मा सैल बसला की डोळ्यांच्या आणि डोक्याच्या वेगाच्या गुणोत्तराचा आकडा अकारण 1 च्या बराच वर जातो. पट्टा घट्ट करून पुन्हा घ्या. कॅलरिक कमी आणि व्हीएचआयटी नॉर्मल आलं तर यंत्राला दोष देऊ नका, मेनिएर या अंतर्कर्णाच्या आजारात ही जोडी पुष्कळदा दिसते.

चक्करेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चाचण्यांच्या 48 तास आधी बंद ठेवायच्या, बीपी-शुगरच्या मात्र नाहीत. दारू तितकेच तास वर्ज्य. खाणं हलकं. अक्कलकोट-बार्शीहून येणाऱ्यांनी सोबत माणूस आणावा. परतताना दुचाकी स्वतः चालवू नये.