पोर्ट ऑफ स्पेनचा पाऊस आणि आजा-नातीचं भांडण

जुलैत त्रिनिदादला कसोटी सामना ठेवणं म्हणजे भर आषाढात अलिबागला उघड्यावर मांडव घालून लग्न काढणं. तिथला पावसाळा जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. तरीही २०२३ मध्ये भारत-वेस्ट इंडिजमधली शंभरावी कसोटी क्वीन्स पार्क ओव्हलवर २० जुलैला सुरू झाली, आणि न्यू जर्सीच्या ऑफिसात उरलीसुरली रजा टाकून मी तिकडे पोचलो.

पहिले चार दिवस भराभर सांगतो, कारण ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेत. कोहलीचा पाचशेवा आंतरराष्ट्रीय सामना आणि त्यात १२१. सिराजचे पाच बळी. चौथ्या दिवशी रोहित-जैस्वालची धुलाई: १२.२ षटकांत संघाचे शंभर! मग वेस्ट इंडिजपुढे ३६५ धावांचं लक्ष्य, दिवसअखेर २ बाद ७६. रोज सकाळी नाश्त्याला डबल्स, म्हणजे 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पोळ्या, त्यांत चण्याची रस्सेदार उसळ, वर काकडी आणि चिंचेची चटणी. मिरचीचा सॉस किती घालू, असं विकणारा विचारतो. 'स्लाइट' म्हणायचं आणि गप्प बसायचं. कोल्हापूरच्या गमजा तिथे चालत नाहीत.

पाचव्या दिवशी आपल्याला आठ बळी हवे होते, त्यांना २८९ धावा. आणि सकाळपासून पाऊस. मैदानामागचा डोंगर ढगात गेला की आणखी एक सर येणार, हे शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला शिकवलं. दर वेळी खरं ठरलं. ते त्रिनिदादमधल्याच कुवा गावचे. तिकडच्या साखर कारखान्यात आयुष्य काढलेले, २००३ मध्ये कारखाना बंद पडला तेव्हापासून घरी. पणजोबा कलकत्त्याहून जहाजाने ऊसमळ्यावर आले होते. सोबत विद्यापीठात शिकणारी नात. ती त्यांना 'आजा' म्हणत होती.

मागच्या रांगेत अमेरिकेतूनच आलेला आपल्याकडचा एक घोळका होता. ढोल, शिट्ट्या, कुणाचंही झोपेत असणं मान्य नसलेली माणसं. त्यांतले एक काका वाकून त्या मुलीला म्हणाले, "तू तर आपलीच. मग ही वेस्ट इंडिजची मरून रंगाची टोपी कशाला?"

ती शांतपणे म्हणाली, "अंकल, मी त्रिनिदादची. ही माझीच टीम आहे."

काका हसून मागे सरकले. पण पाऊस काही थांबेना, आणि विषय आता आजा-नातीत पेटला. आजा कबूल करून मोकळे झाले: १९७१ मध्ये ते इथेच होते, भारताच्या बाजूने. सरदेसाईंचं शतक, कोवळ्या गावसकरच्या पदार्पणातल्या ६५ आणि नाबाद ६७, दुराणींनी एकापाठोपाठ उडवलेले लॉइड आणि सोबर्स. वेस्ट इंडिजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. मग १९७६, पुन्हा हेच मैदान, चौथ्या डावात ४०३. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५, आणि चारच गडी गमावून सामना खिशात. आकडे सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. "आम्हाला तेव्हा इथे कोण विचारत होतं? हे लोक जिंकले की आमची मान वर व्हायची," ते म्हणाले.

"आणि आजा, त्या दिवशी मार कोण खात होतं?" नातीने विचारलं.

आजा गप्प.

मग तिनेच सांगितलं. १९७६ च्या त्या सामन्यात वेस्ट इंडिजचा कर्णधार असलेल्या लॉइडने तीन फिरकीवाले खेळवले होते आणि त्यांतले दोघे त्रिनिदादचे, यांच्यासारख्याच घरांतले: इम्तियाझ अली आणि रफिक जुमादीन. इम्तियाझची ती पहिली कसोटी, आणि तीच शेवटची. त्यानंतर लॉइडचा फिरकीवरचा विश्वास उडाला आणि वेगवान गोलंदाजांचं युग आलं. "आपल्याच पोराचं करिअर संपत होतं आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता."

"जुमादीनला दोन बळी मिळाले होते," आजा एवढंच म्हणाले.

मी सामोशात तोंड घातलं होतं. बाजू घ्यायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुलीचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. आजांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "पूर्वी तुम्ही लोक कोरड्या ऋतूत यायचात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. आता एप्रिल-मे तुमच्या आयपीएलला लागतो, आणि आम्हाला हा पाऊस." यावर काय बोलणार? आयपीएल मीही बघतो, रात्ररात्र नव्हे, दिवसाढवळ्या, ऑफिसची मीटिंग म्यूट करून.

दुपारी पंचांनी खेळ सोडून दिला. एकही चेंडू पडला नाही. मागच्या काकांचं तिकिटाच्या पैशांवरून कुणाशी तरी वाजलं. आजा-नातीने मला गाडीतून शहरात सोडलं. नंतर मराकस बीच, शार्कचा बेक (तळलेल्या पावात तळलेला शार्क मासा), उन्हाने सोललेलं नाक. तो भाग कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर मिळेल.

गाडीत मी सहज म्हटलं, की सगळं खरं, पण सचिनसारखा दुसरा नाही. नातीने आरशातून आजांकडे पाहिलं. सांताक्रूझ खोऱ्यातल्या लाराचे ३७५, मग नाबाद ४००, मग काउंटीतले नाबाद ५०१, असं एक आजा सांगायचे, एक नात. हॉटेल येईपर्यंत दोघं एकाच पक्षात होते.