टॅग निघालेला होता

घर बघायला येणाऱ्या आजी-आजोबांची मुलं हमखास विचारतात, "रात्री नर्स कोण असते?" कोणीच नसते. हा वृद्धाश्रम नाही, ज्येष्ठांसाठीची भाड्याची घरं आहेत. भाडं उत्पन्नाप्रमाणे ठरतं, त्यात चोवीस तासांची नर्स बसत नाही. माझं काम जुळवाजुळवीचं: मदतनीस, जेवणाचा डबा, दवाखान्याची गाडी, किचकट फॉर्म. गोळी हातावर ठेवण्याचीही मला परवानगी नाही.

रात्रीची भिस्त दोनच गोष्टींवर. झोपताना दाराबाहेर टॅग अडकवायचा आणि सकाळी नऊच्या आत काढायचा. नऊनंतर टॅग दिसला, तर मी दार वाजवते. दुसरी, बाथरूममधला मदतीचा दोर: ओढला की घंटा वाजते.

या दोराबद्दल मी तासभर बोलू शकते. तो फरशीच्या अगदी जवळ लोंबायला हवा, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. पण पुसताना पोछ्यात अडकतो, नातवंडं ओढतात, म्हणून सगळे वर गुंडाळून गाठ मारतात. मी गाठी सोडवते, पुढच्या फेरीला त्या परत तिथेच. तपासणीला येणारा माणूस उभ्यानेच दोर ओढतो, घंटा वाजली की सही करून मोकळा. त्याला एकदा फरशीवर आडवं पडून ओढायला लावायला हवं.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा टॅग वेळेत निघालेला होता. दुपारी त्यांच्या मदतनीस ताईंचा फोन आला, दार उघडत नाहीत म्हणून. नियमाप्रमाणे हाका मारल्या, फोन लावला, मग ताईंना साक्षीला ठेवून माझ्या किल्लीने दार उघडलं. आजी बाथरूममध्ये आडव्या, शुद्धीत, पण अंग गार पडलेलं. रात्री उठल्या तेव्हापासून तिथेच. दोराची गाठ डोक्यापेक्षा उंच.

हाड मोडलं नव्हतं. "मग थोडक्यात निभावलं," असं सगळे म्हणाले, आणि मला तेच खटकतं. पडण्याइतकंच पडून राहणं घातक असतं. तासाभराच्या वर गेलं की धोका वाढत जातो: शरीराच्याच वजनाखाली दबलेले स्नायू तुटतात, त्यातून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडांना झेपत नाहीत. आजी त्यासाठीच दाखल झाल्या. तिथे त्यांचं ब्लडप्रेशर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर मोजलं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. त्यांचा त्याहून बराच घसरला. आता गोळ्या बदलल्यात.

मग टॅग कुणी काढला? शेजारच्या काकूंनी. "त्या उशिरा उठतात, तुम्ही दार वाजवून झोपमोड करता, म्हणून फिरायला जाताना मीच दोघींचे काढते." रोज. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्या जिन्यातच बसल्या.

व्यवस्थापकांना काकूंना नोटीस द्यायची होती. त्यांना इमारत म्हणजे किल्ल्यांचा जुडगा वाटते. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघावं म्हणून चहाच्या बैठका मीच घेते. त्या नोटिशीवर सही करायला मी नकार दिला.

आता सेन्सरचा प्रस्ताव आलाय: सकाळपर्यंत घरात हालचाल दिसली नाही तर ऑफिसात इशारा. वस्तू चांगली आहे. पण बैठकीत एका आजोबांनी विचारलं, "ही नोंद करार नूतनीकरणाच्या वेळी 'एकटे राहू शकत नाहीत' म्हणून वापरणार का?" व्यवस्थापकांनी विषय बदलला. अर्ध्याहून जास्त लोकांनी फॉर्म कोराच परत दिला.

आजी घरी आल्यावर मी दोराची गाठ सोडवायला गेले. त्यांनी अडवलं नाही. फक्त विचारलं, "मी पडले हे फाइलमध्ये लिहिलंस का गं?" लिहावंच लागतं, म्हटलं. "आणि याआधीच्या दोन वेळा?"

त्या दोन वेळा मला माहीतच नव्हत्या. त्या लिहायच्या की नाहीत, हे अजून ठरत नाहीये.