तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्या माणसांतच काही कमी आहे का?

"ताई, तुम्ही या भागाची त्या भागाशी, या गावाची त्या गावाशी तुलना करता. मग खरं सांगा जी, आपल्या विदर्भातल्या माणसातच काही कमी हाय का?"

हा प्रश्न मला कॉलेजातली पोरं विचारतात, ग्रामपंचायतीचे सदस्य विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात. मी समाजशास्त्र शिकवते आणि विद्यार्थिनींना घेऊन खेड्यांत पाहणी करते, म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटतं. विचारणारा बहुतेक वेळा इथलाच असतो. पश्चिम महाराष्ट्रातली माणसं कष्टाळू, आपली सुस्त, हे त्यानं इतक्या वेळा ऐकलेलं असतं की आता फक्त कुणीतरी शिक्का मारायचा राहिलेला असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून इथे नीट सांगते.

माझं उत्तर "नाही" असं आहे. पण हे उत्तर कसं काढलं ते सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही. "तिथली माणसंच तशी" हे कारण सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं असतं, बाकीची कारणं एकेक करून तपासून झाल्यावर. आपल्याकडे ते सगळ्यात आधी घेतलं जातं, आणि मग पुढचं तपासायचं राहूनच जातं.

अकोट तालुक्याकडे चला. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल, कसदार. पण जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला देण्यासारखं नसतं. देत राहिलं तर जमिनीवर पांढरं फुटतं, माती घट्ट होते आणि पुढच्या वर्षीचा पाऊसही धड मुरत नाही. त्यामुळे तिथला कास्तकार पावसाच्या भरवशावर पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, मूग घेतो आणि ओल टिकली तर हरभरा. तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं की त्याच तालुक्यात पाणी गोड होतं. संत्र्याच्या बागा दिसू लागतात, केळी दिसते. पायथ्याच्या गावांना लोक उद्योगी म्हणतात. खाऱ्या पट्ट्यातल्या गावांविषयी म्हणतात, "ते दिवसभर पारावर बसलेले असतात."

आता या दोन्हीकडच्या गावांत सोयरीक होते. जाती त्याच, कुळं तीच, बोली तीच. एका घरात आम्हांला दोन बहिणी भेटल्या. एक खाऱ्या गावात दिलेली, दुसरी पायथ्याला. फेब्रुवारीत पायथ्याची बहीण सकाळी घरातलं आवरून बागेत जाते ती उन्हं उतरल्यावर परत येते. त्याच महिन्यात खाऱ्या गावातली ओट्यावर तूर पाखडताना दिसते, कारण वावरात काही उभंच नाही. माहेरी दोघी एकाच आईच्या हाताखाली निंदण शिकल्या. जो माणूस एकीला कष्टाळू म्हणतो आणि दुसरीला बसून खाणारी, त्यानं दोघींच्या विहिरीचं पाणी चाखलेलं नाही.

तुलना करणाऱ्याला अशी जोडी शोधावी लागते: बाकी सगळं शक्य तितकं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये ही फरकाची पद्धत मांडली, आणि अजूनही आम्ही विद्यार्थ्यांना तिथूनच सुरुवात करायला लावतो. अडचण अशी की गावं प्रयोगशाळेत तयार झालेली नसतात. पायथ्याची जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेली, नाही, तिथे पाण्याचा निचरा चांगला होतो. मग बाग गोड्या पाण्यामुळे उभी राहिली की निचऱ्यामुळे? दोन गावं पाहून हे कळत नाही. तिसरं गाव लागतं, जिथे निचरा आहे पण विहिरींना पाणी नाही. ते सापडलं की आणखी एखादी शंका निघते, आणि निघायलाच पाहिजे. एका गावाचाच खोलवर अभ्यास का करत नाही, असंही काही जण विचारतात. करतोच. पण एकाच गावात राहून तिथली कोणती गोष्ट कारण आहे आणि कोणती नुसती सोबतीला आहे, हे ओळखता येत नाही.

विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र ही तुलना सगळ्यांच्या तोंडी असते, आणि तीच सगळ्यात ढोबळ आहे. पश्चिम महाराष्ट्र म्हटल्यावर डोळ्यांपुढे ऊस आणि साखर कारखाने येतात. माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके येत नाहीत. विदर्भ म्हटल्यावर यवतमाळची कोरडवाहू पऱ्हाटी येते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या आणि तलाव येत नाहीत. उसाच्या पट्ट्याला नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून मिळत आलं. नगरकडे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराची तुलना करायचीच असेल तर ती जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याशी करून पाहा. मग स्वभावाचा मुद्दा किती उरतो ते बघू.

याच राज्यात ही तुलना सरकारी पातळीवर एकदा शिस्तीनं झाली आहे. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीनं राज्याची सरासरी ही मोजपट्टी धरली आणि सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा त्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजलं. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. आकड्यांवर वाद झाले, होत राहतील. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: समितीनं जिल्हा हा घटक धरला आणि सोयी मोजल्या. कोण किती कष्टाळू याचा रकाना त्यात नव्हता, कारण तो मोजता येत नाही. पण अनुशेष हा शब्द आपल्या तोंडी बसला आणि त्यामागची जिल्हावार मोजणी मागे पडली. आता सगळा विदर्भ एक गठ्ठा झाला आहे.

मोजणीचं म्हणाल तर खरी मेहनत तिथेच आहे. मजुरीचं बघा. "दिवसाची मजुरी किती?" हा प्रश्न वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, आणि झाडीत, म्हणजे पूर्वेच्या धानाच्या मुलखात, सारखाच छापला तर उत्तरं मिळतील, आकडे भरले जातील, तक्ता होईल, आणि तो तक्ता चुकीचा असेल. वऱ्हाडात कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. ज्या बाईचा हात चपळ तिला जास्त, म्हातारीला कमी. त्याच बाईला निंदणाचे पैसे रोजानं मिळतात. झाडीपट्टीत रोवणीला बायकांचा गट एकराप्रमाणे ठेका घेतो आणि पैसे आपसांत वाटून घेतो. धानकापणीला कुठे कुठे अजून धानच देतात. म्हणून माझ्या विद्यार्थिनी रोजाचा दर विचारत नाहीत. कालचा दिवस विचारतात: किती वाजता गेलात, काय काम केलं, किती वाजता आलात, हातात काय पडलं, जेवण-चहा कुणाचा होता. एकेका बाईपाशी अर्धा तास जातो. पण दोन मुलखांतले आकडे शेजारी ठेवायचे तर ते आधी एका मापात आणावे लागतात. घराचंही तसंच. सातबारा बापाच्या नावावर, कसणारे तीन भाऊ, चुली तीन. कागदावर तो दहा एकरांचा एक कास्तकार असतो. म्हणून आम्ही चूल मोजतो.

वर्धा नदीविषयी बोलायला लागले की मी थांबत नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथे रयतवारी लागू झाली, म्हणजे सारा थेट खातेदार भरणार. पूर्वेचं नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि तिथे मालगुजारी पक्की झाली, म्हणजे मधे सारा गोळा करणारा मालगुजार. आर्वीकडून नदी ओलांडली की कौंडण्यपूर. दोन्ही काठांना काळी माती, पऱ्हाटी, जवळपास एकच बोली, आणि शंभर वर्षं जमिनीचे वेगळे कायदे. तुलनेसाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये देशभरातल्या जिल्ह्यांची अशीच तुलना केली. जिथे इंग्रजांच्या काळात जमीनदारांमार्फत सारा गोळा होत होता, तिथे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादन मागे राहिलं, असं त्यांना आढळलं. कायदा जाऊन दशकं लोटली तरी त्याचा परिणाम उरला. पण हे वाचून मालगुजारी वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. भंडारा-गोंदियाचे तलाव त्याच व्यवस्थेत कोहळी समाजाच्या कौशल्यातून आणि गावाच्या श्रमातून उभे राहिले. मालगुजारी १९५१ च्या सुमारास गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न अनेक गावांत तसाच राहिला. एकाच व्यवस्थेनं पाणीही दिलं आणि विषमताही. तक्त्यातल्या एका रकान्यात हे दोन्ही मावत नाही.

माणसांत खोट आहे म्हणणाऱ्यांना मी नेहमी गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला गावातल्याच स्त्रिया तयार केल्या. तुलनेसाठी ४७ गावं अशी ठेवली जिथे ही सेवा नव्हती. ती गावं कशाला, असं विद्यार्थी विचारतात. कारण बालमृत्यू काळाच्या ओघात आपोआप कमी झाले असते तर ते दोन्हीकडे दिसलं असतं. सुरुवातीला दोन्ही भागांत हजार जन्मांमागे साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी सेवा असलेल्या गावांत हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. त्याआधी काय ऐकू यायचं? इथल्या बायका अडाणी, बाळाला दवाखान्यात नेत नाहीत. दोन्ही भागांतल्या बायका त्याच होत्या. घरं तीच, दारिद्र्य तेच. फरक होता तो शिकून, पिशवी घेऊन दारात आलेल्या एका बाईचा.

म्हणजे संस्कृतीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या वर होती, गडचिरोलीची ७४ च्या वर. पण सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली बुलढाण्यात ८५५ आणि गडचिरोलीत ९६१. हा फरक पाहून मी गप्प बसू शकत नाही. गोंड-माडिया समाजात वरपक्षानं मुलीकडच्यांना देज देण्याची रीत आहे, मुलीच्या कष्टाला मोल आहे. हे कारण असेल. पण गडचिरोलीच्या आतल्या गावांपासून सोनोग्राफी यंत्र लांब आहे, हेही कारण असू शकतं. दोन्ही वेगळी काढायची तर गडचिरोलीतलीच बिगर-आदिवासी गावं पाहावी लागतील, आणि शहराजवळची आदिवासी गावंही. शिवाय जिल्ह्याच्या आकड्यावरून कुणा एका घराबद्दल बोलायचं नाही, हे पथ्य पाळावंच लागतं. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवलं की ज्या राज्यांत परदेशातून आलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. पण माणसागणिक पाहिलं तर तेच लोक इतरांपेक्षा कमी साक्षर होते. ते येऊन स्थायिक झाले होते साक्षर राज्यांत, एवढंच. बुलढाण्याच्या आकड्यावरून तिथल्या एखाद्या बापावर बोट ठेवणारा हीच चूक करतो.

आम्ही पाहणी संपली की दोन्ही गावांना एकत्र बोलावून सगळं वाचून दाखवतो. "आमचा नंबर कितवा?" हे पहिल्यांदा विचारलं जातंच. नंबर काढलेला नाही म्हटलं की थोडी नाराजी होते. मग बायका एकमेकींना विचारू लागतात: तुमच्याकडं नळ किती वाजता येते, रेशन दुकान बचत गटाकडं कसं आलं, सातवीनंतर पोरी शाळेत कशा जातात. मागच्या वेळी शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ बोलणं झालं. एका गावातून सकाळची एसटी शाळेच्या वेळेला सुटते, दुसऱ्यातून शाळा भरून गेल्यावर. सातवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुली दुसऱ्या गावात जास्त आहेत. यंदा दिवाळीनंतर आम्ही तेच तपासणार आहोत, आणि त्यासाठी एसटीची वेळ सोयीची असूनही मुली शाळा सोडतात असं तिसरं गाव शोधतो आहोत. तुमच्या तालुक्यात असेल तर कळवा.